दातांची सावली

हॉस्पिटलात तिला सगळे आ-बाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते कुणी मोठ्याने घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. मानेला मार लागलेला माणूस एक्स-रेच्या टेबलावर आडवा झाला की ती त्याच्या डोक्याशी वाकायची आणि म्हणायची, "आ करा. अजून मोठा आ. असंच. आता हलू नका." मानेचे सगळ्यांत वरचे दोन मणके समोरून बघायचे तर जबडा आडवा येतो. म्हणून माणसाला तोंड उघडायला लावून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधून त्यांचा फोटो घ्यावा लागतो. हनुवटी बोटभर वर गेली तर कवटीचं बूड आड येतं, बोटभर खाली आली तर वरचे दात. बाकीच्यांना त्या एका फोटोसाठी तीन-तीनदा बटण दाबावं लागे. आ-बाईचा पहिलाच फोटो नीट यायचा. त्या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

हे तिला शिकवलं एक्स-रे विभागाच्या थोरल्या मास्तरांनी. ती तेविसाव्या वर्षी तिथे लागली तेव्हा मास्तर निवृत्तीला आले होते. डार्करूममध्ये आयुष्य गेल्यामुळे उजेडात डोळे बारीक करून बोलायचे. त्यांच्या खणात रुमालात बांधलेली तीन हाडं असत. कवटीच्या बुडाचा एक तुकडा आणि दोन मणके. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो रुमाल तिच्यापुढे सोडला.

"डोकं मानेला चिकटवलेलं नसतं, पोरी. ठेवलेलं असतं," ते म्हणाले. "हे बघ. कवटीच्या बुडाला हे मोठं भोक, आणि त्याच्या दोन बाजूंना हे दोन गुळगुळीत उंचवटे. पहिला मणका म्हणजे नुसतं कडं. त्याच्या दोन्ही बाजूंना या वाट्या. उंचवटे वाट्यांत बसतात आणि पुढे-मागे डुलतात. तू मघाशी मान डोलावलीस ना, ती इथे." मग त्यांनी दुसरा मणका उचलला. त्याच्यातून अंगठ्याच्या पेराएवढा एक खुंटा वर आलेला होता. "हा कड्यात शिरतो. पुढच्या बाजूला टेकून उभा राहतो आणि मागून एक पट्टा त्याला आवळून धरतो. नाही म्हणताना डोकं फिरतं ते या खुंट्याभोवती. कवटी आणि कडं दोन्ही मिळून फिरतात. आणि पट्ट्याच्या मागे, एवढ्याशा जागेत, आपला जीव."

तिने खुंटा बोटाने चाचपला. "आणि हा मोडला तर?"

"मोडला आणि जागेवर राहिला, तर माणूस चालत येतो, चालत जातो. मान अवघडलीय म्हणतो. मोडला आणि मागे सरकला, तर पुढचं बोलायला तो राहत नाही." मास्तरांनी हाडं पुन्हा बांधली. "एक लक्षात ठेव. जो माणूस उठताना स्वतःचं डोकं स्वतःच्या हातांनी उचलतो, त्याला घरी जाऊ देऊ नकोस. त्याला कळत नसतं, पण त्याच्या हातांना कळलेलं असतं."

मास्तर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि तिच्या सत्ताविसाव्या वर्षी एका दुपारी सायकलवरून पडलेली एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या कपड्यांत, कोपर खरचटलेलं. आ-बाईने फोटो घेतला, फिल्म धुतली, ओली फिल्म दिव्यासमोर धरली. खुंटा आणि कडं यांच्यामधली डाव्या बाजूची फट उजवीपेक्षा रुंद होती. फार नाही, पण होती. ती बाहेर आली तर मुलगी टेबलावर उठून बसत होती, मानेमागे वेणीखाली दोन्ही हात गुंफून.

त्या वेळचे डॉक्टर तापट होते. फिल्म बघून ते म्हणाले, "मान तिरकी झालीय फोटोत. बाकी ठीक."

"डॉक्टर, ती फट जरा..."

"फोटो काढायचं काम तुमचं. वाचायचं आमचं."

ती गप्प बसली. मुलगी तिच्याकडे बघून हसली आणि मैत्रिणीबरोबर निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून आणलं. वर्गात शिंकली एवढंच निमित्त झालं होतं. हात-पाय गेले होते आणि श्वास ओढण्याइतकी ताकद छातीत उरली नव्हती. अकरा दिवस ती यंत्रावर होती. बाराव्या दिवशी सकाळी आ-बाई कामावर आली तेव्हा तो पलंग रिकामा होता आणि गादी उन्हात टाकलेली होती.

तिला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. नवऱ्याला तिने सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अबोल, हातावर कायम पांढरी भुकटी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बोलली असतीस तरी त्यांनी ऐकलं असतं का?"

"तेच तर मला कधी कळणार नाही."

तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. पण ती बदलली. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या माणसाची मान प्रत्येक धक्क्याला कशी हिंदकळते ते बघत बसायची आणि तिचा उतरायचा थांबा निघून जायचा. नवरा खुर्चीत डुलक्या काढायला लागला की उशी आणून कानाखाली सारायची. तो म्हणायचा, "अगं, आहे जागेवर." ती म्हणायची, "असू दे."

अशी चोवीस वर्षं गेली. फिल्म गेल्या, डार्करूमची अडगळीची खोली झाली, फोटो पडद्यावर दिसायला लागले. आ-बाईला जवळचा चष्मा लागला. काचा अर्थातच नवऱ्याने घासल्या. अशातच एका शनिवारी दुपारी तो रंगारी आला.

साठी ओलांडलेला, काटक. भुवया आणि कानांच्या पाळ्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, कपाळाला पट्टी. जिन्याच्या वरचं छत रंगवताना घोडीवरून पाय निसटला होता आणि कपाळ कठड्यावर आपटलं होतं. एकटाच आला होता, चालत.

"डोकं ठीक आहे माझं," तो म्हणाला. "मान तेवढी अवघडलीय. चाळीस वर्षं वर बघतोय, अवघडायचीच."

"कवळी आहे का, काका?"

त्याने जरा ओशाळून मान्य केलं. वरचा एकही दात त्याचा स्वतःचा नव्हता. तिने ट्रे पुढे केला. कवळी त्यात ठेवताना त्याने दुसऱ्या हाताने तोंड झाकून घेतलं. "बघू नका हं. याच्याशिवाय मला माझ्या बायकोनेसुद्धा पाहिलं नव्हतं."

"मी फक्त हाडं बघते," ती म्हणाली. "आ करा."

फोटो झाला. ती पडद्यावर चित्र यायची वाट बघत होती तेव्हा काचेपलीकडे रंगारी उठायला लागला. एक हात हनुवटीखाली, एक मागे. कुणाची तरी मौल्यवान वस्तू उचलावी तसं त्याने आपलं डोकं उचललं, ते घेऊन तो बसला आणि मग हात काढले.

चित्रात खुंट्याच्या बुडाशी आडवी, केसासारखी रेघ होती.

तिने डॉक्टरला बोलावलं. हा डॉक्टर तरुण होता. भला होता, पण आदल्या दिवसापासून ड्युटीवर असल्यामुळे उभ्या उभ्या झोपत होता. तो पडद्याकडे वाकला. "ही? ही वरच्या दातांची कड आहे, बाई. दातांची सावली. नेहमी पडते."

आणि पडते खरी. तिने स्वतः शेकडो वेळा पाहिली होती, नव्या मुलामुलींना दाखवली होती. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तरी ती म्हणाली, "तो डोकं धरून उठला, डॉक्टर."

"मान दुखतेय म्हटल्यावर धरणारच की. गोळ्या देतो. सोमवारी दाखवू दे."

रंगारी तोंडावर हात धरून, गोळ्यांची पुडी खिशात घालून गेला. जाताना त्याने मान डोलावली, अगदी जपून. आ-बाईने पुढचा पेशंट घेतला. एक गुडघा, मग एक मनगट, मग खोकणाऱ्या एका बाईची छाती. त्यानंतर जरा उसंत मिळाली म्हणून ती टेबल पुसायला गेली आणि तिला ट्रे दिसला.

कवळी त्यातच होती. वरचे सगळे दात, एका ओळीत.

क्षणभर तिला हसू आलं. म्हातारा विसरला, आता धावत येईल. आणि मग ते हसू ओठांवरच राहिलं. तोंडात वरचे दातच नव्हते. दात इथे ट्रेमध्ये होते, फोटो काढताना इथेच होते, तिनेच काढून घेतले होते. मग ती सावली कुणाच्या दातांची?

तिने चित्र पुन्हा लावलं. आता तिला दुसरं काही दिसेना. डॉक्टरला कवळीचं माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. सावली म्हटल्यावर तिला इतकं बरं वाटलं होतं की पाच मिनिटांपूर्वी हातात धरलेली वस्तू ती विसरून गेली होती.

डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होता, कुणाचं तरी पोट फाटलं होतं. दारावरच्या सिस्टरने सांगितलं, "तासभर तरी आत कुणाला सोडणार नाही." हाडांचे मोठे डॉक्टर शनिवारी दुपारनंतर मिळत नसत, फोन वाजून वाजून बंद झाला. कागदावर रंगाऱ्याचा नंबर होता. तो लागतच नव्हता. पडला तेव्हा खिशातला फोनही फुटला होता, हे तिला नंतर कळलं. पत्ता होता. बसचे चार थांबे.

तिने डॉक्टरसाठी एक चिठ्ठी लिहून सिस्टरच्या हातात दिली. कवळी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला म्हणाली, "माझे पेशंट घे."

"कुठे निघालात भर ड्युटीत?"

"कवळी द्यायला," ती म्हणाली आणि जिन्याला लागली.

बसमध्ये तिला बसवेना. दांडा धरून उभी राहिली. प्रत्येक गतिरोधकाला तिला वाटे, तोही अशाच बसने गेला असेल. तोही असाच उभा असेल.

इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते त्याच्या मुलीने. तिशीतली, केस वर बांधलेले, हाताला तेल लागलेलं. आतून कोमट तेलाचा वास येत होता. खोलीच्या मधोमध स्टुलावर रंगारी उघड्या अंगाने बसला होता, खांद्यावर टॉवेल, आणि शेजारी तेलाची वाटी.

"मी हॉस्पिटलातून आले," आ-बाई म्हणाली. धाप लागली होती. "चोळलंत का?"

"आता चोळणारच होते. बाबा म्हणाले, मान जरा मोकळी करून..."

"हात लावू नका. काका, तुम्ही हलू नका. आहात तसेच बसा."

रंगाऱ्याने सगळं अंग वळवून तिच्याकडे पाहिलं, मान नाही. तेही तिने पाहिलं. "कवळी आणलीत?" दात नसल्यामुळे त्याचे शब्द ओठांतच विरघळत होते. "द्या इकडे."

"आधी आडवे व्हा."

"काय?"

"तुमच्या मानेतलं हाड मोडलंय असं मला वाटतंय. खात्री नाही. पण खात्री होईपर्यंत तुम्ही जमिनीवर उताणं पडायचं आणि मान हलवायची नाही."

"डॉक्टरने गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाला काही नाही. तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग द्या कवळी आणि निघा." त्याने हात पुढे केला.

तिने पिशवी छातीशी धरली. आयुष्यात तिने कुणाची वस्तू अडवून धरली नव्हती. "आडवे झालात तरच मिळेल," ती म्हणाली.

मुलगी एकदा बापाकडे, एकदा या बाईकडे बघत राहिली. रंगारी संतापला. शिव्या देण्याचा त्याचा विचार दिसत होता, पण दात नसताना शिव्या द्यायची त्याला लाज वाटत असावी. मुलीनेच हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही आल्यापासून डोकं का धरून बसताय?"

त्याचा एक हात हनुवटीखालीच होता. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने हाताकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तो घाबरला.

दोघींनी मिळून त्याला टेकवत टेकवत आडवं केलं. आ-बाईने त्याच्या डोक्यापाशी फरशीवर बैठक मारली, टॉवेलच्या दोन गुंडाळ्या करून कानांशी लावल्या आणि आपले दोन्ही पंजे त्या गुंडाळ्यांवर दाबून डोकं धरून ठेवलं. मुलीला म्हणाली, "तुझ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलाव. मानेचा पेशंट म्हणून सांग, मानेचा पट्टा आणि फळी आणा म्हणावं."

ॲम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली.

माणसाचं डोकं किती जड असतं हे तिला तोवर वजनाच्या आकड्यात माहीत होतं. पहिल्या दहा मिनिटांत तिच्या मनगटांना कळलं. मग गुडघ्यांना मुंग्या आल्या, मग कंबर गेली. रंगारी छताकडे बघत होता. दुसरीकडे बघता येतच नव्हतं.

"हे छत मी रंगवलेलं नाही," तो एकदम म्हणाला. "स्वतःच्या घराचं राहूनच गेलं. कोपऱ्यात पोपडे आलेत बघा."

"मी वर बघणार नाही. तुम्ही बोला, पण तोंडाने. मान मध्ये आणू नका."

"खोकला येतोय."

"गिळा."

"गिळून जात नाहीये."

"मग मी घट्ट धरते, तुम्ही हळू खोका. पोटातून नाही, घशातून." तिने बोटं आवळली. तो खोकला, अगदी बारीक, आणि तो खोकल्याचा कंप तिच्या तळव्यांतून कोपरांपर्यंत गेला. तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिच्याकडे उलट्या नजरेने बघत होता.

"तुम्ही रडताय का?"

"घाम आहे."

"माझी कवळी."

"माझे हात गुंतलेत, काका."

मुलगी मध्येच हसली आणि मग तोंड भिंतीकडे करून खरंच रडायला लागली.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी मानेला पट्टा बांधला, फळी घातली आणि त्या अरुंद जिन्यातून तिन्ही मजले त्याला तिरकं न होऊ देता उतरवलं. प्रत्येक वळणावर आ-बाई म्हणत होती, "डोकं, डोकं, डोक्याकडे बघा." शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "बाई, आमचंही हेच काम आहे."

स्कॅनमध्ये खुंटा मोडलेला निघाला आणि मागे सरकलेला. दुपारच्या फोटोत सरकलेला नव्हता. बसमध्ये सरकला, जिन्यात सरकला की त्याला आडवं करताना, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. आ-बाईने तो आकडा पाहिला, चार मिलिमीटर, आणि ती तिथून बाहेर येऊन बाकावर बसली. आडवं करताना तिचे हात थरथरले होते. ते तिला आठवत होतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना स्क्रूने जखडून टाकले. रंगारी जगला. हात-पाय चालत होते. मान डोलावता येत होती, कारण कवटी आणि कड्यामधला सांधा तसाच होता. पण डोकं फिरतं ती जागाच आता बंद होती. डावी-उजवीकडे पूर्वीच्या निम्मंच वळणार होतं, आणि शिडीवर, घोडीवर पुन्हा कधी चढायचं नाही असं मोठ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

आ-बाई त्याला भेटायला वॉर्डात गेली. कवळी त्याच्या तोंडात होती, आता त्याचे शब्द स्पष्ट होते. "मी त्या दिवशी चालत आलो होतो," तो म्हणाला. "स्वतःच्या पायांनी घरी गेलो होतो. आडवं केलंत तुम्ही. चाळीस वर्षं छतं रंगवली मी. आता काय रंगवू, उंबरे?"

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"बोलू दे त्यांना," आ-बाई म्हणाली. तिने पाण्याचा तांब्या त्याला मान न वळवता घेता येईल अशा बाजूला सरकवला आणि ती निघाली. मुलगी दारापर्यंत आली. तिने आ-बाईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आठवड्याने कार्यालयातून कागद आला. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली, अधिकार नसताना पेशंटला निदान सांगितलं. चौकशीला तिघे बसले होते.

"निदान करण्याचा अधिकार तुम्हाला आहे का?"

"नाही."

"मग पेशंटच्या घरी कशासाठी गेलात?"

"त्यांची कवळी राहिली होती."

तिघांतला एक हसला आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. लेखी ताकीद मिळाली. पुढच्या वर्षी मुख्य तंत्रज्ञाची जागा रिकामी झाली ती तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकट्या माणसाला गेली. पेशंटला आ करायला कसं लावायचं ते त्याला तिनेच शिकवलं होतं.

तरुण डॉक्टर चौकशीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत आला. दार लावून घेतलं, बसला मात्र नाही. "दात नाहीत हे मला का सांगितलं नाहीत, बाई?"

"मीच विसरले होते."

"विसरलात?"

"तुम्ही सावली म्हणालात ना, तेव्हा मला फार बरं वाटलं, डॉक्टर. त्या भरात विसरले."

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मलाही बरंच वाटलं होतं. झोपायचं होतं मला." आणि त्याने चेहऱ्यावरून दोन्ही तळवे फिरवले. त्या दिवसापासून तो मानेचा कुठलाही फोटो तिला दाखवल्याशिवाय सही करीनासा झाला. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आता प्रत्येक रेघेवर तिला हो किंवा नाही म्हणावं लागे आणि घरी गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एकदा ती जुन्या कागदांच्या खोलीतही जाऊन आली. चोवीस वर्षांपूर्वीची एक फिल्म हवी आहे म्हणाली. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "इतकं जुनं आम्ही ठेवत नाही. केव्हाच जाळलं असेल. कशाला हवंय?"

"ती फट मला वाटतेय तेवढी होती का, बघायचं होतं."

कारकुनाला काहीच कळलं नाही. नवऱ्याला तिने दुकानात जाऊन हे सांगितलं तेव्हा तो काच घासायचं थांबला. "होती," तो म्हणाला. "तुला दिसली म्हणजे होती. आणि तू सत्तावीस वर्षांची होतीस." एवढं लांब तो क्वचितच बोलायचा. तिला त्याने पुरतं बरं वाटलं नाही, पण ती त्याच्या शेजारी बसली आणि पुन्हा सुरू झालेल्या घासायच्या दगडाचा आवाज बराच वेळ ऐकत राहिली.

यानंतरची तिची नोकरीची वर्षं भीतीतच गेली असं म्हणायला हरकत नाही. जरा शंका आली की ती पेशंटला टेबलावरून उठूच द्यायची नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलवा, स्कॅन करा. बहुतेक वेळा काही निघत नसे. विभागात चेष्टा व्हायची. कुणी जांभई दिली तरी म्हणायचे, "आ-बाईला दिसू देऊ नकोस, बांधून घालेल."

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात शाळेतली एक शिक्षिका आली. पाय घसरून पडलेली, चाळिशीची, बोलण्यात चटपटीत. फोटोत खुंट्याच्या कडेला एक धूसर ठिपका होता. आ-बाईने तिला पट्टा बांधला आणि हलू नका म्हणून सांगितलं. स्कॅनच्या यंत्रापाशी रांग होती. शिक्षिका साडेतीन तास छताकडे बघत पडून राहिली. परीक्षेचे पेपर राहिले, मुलं घरी एकटी, पाठीला रग. ती आधी विनवण्या करत होती, मग आवाज चढवायला लागली, मग वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. आ-बाई तिच्या उशाशी उभी राहून सगळं ऐकत होती. स्कॅन झाला. काहीही निघालं नाही.

पट्टा काढल्याबरोबर शिक्षिका उठून बसली. "बघा!" ती ओरडली आणि तिने डोकं गर्रकन डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, मग वर, मग खाली. "बघा नीट! काय झालंय माझ्या मानेला? साडेतीन तास! तुमची तक्रार करणार आहे मी."

"करा," आ-बाई म्हणाली. "कार्यालय खालच्या मजल्यावर आहे, डाव्या हाताला."

शिक्षिका पर्स खांद्यावर टाकून तरातरा निघाली. आ-बाई खिडकीशी गेली. थोड्या वेळाने ती बाई खाली फाटकापाशी दिसली. रस्ता ओलांडायच्या आधी तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मग मागे वळून हॉस्पिटलच्या इमारतीवर एक जळजळीत नजर टाकली. हनुवटी पार खांद्याला टेकली होती.

ती पलीकडे पोचून गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत आ-बाई खिडकीतून हलली नाही. आत पुढचा पेशंट खोळंबला होता.